उकळलेल्या पाण्याचा जाब

शिगमा आटोपल्यानंतरचा सोमवार: डिचोली तालुक्यातील आमच्या वाड्यावरच्या हातपंपाचे पाणी तपासणीसाठी नेले. जबाबदार: नमुना नेणारे खाते, ज्याने निकाल आम्हांला कधीच कळवला नाही. नागपंचमी: पंपाशेजारी ‘पाणी पिण्यास अयोग्य’ असा फलक लागला. पाण्यात काय आहे, हे त्यावर नव्हते. जबाबदार: फलक लिहवून घेणारे पंचायतीचे सचिव. त्याच आठवड्यात तपासणीवाले साहेब आमच्या सोप्यावर चहा प्याले आणि “उकळून प्या, काही होत नाही,” असे सांगून गेले. जबाबदार: ते स्वतः.

माझ्या पत्नीने त्यांचे म्हणणे आज्ञेसारखे पाळले. पहाटे परसातल्या चुलीवर ती तांब्याचे भाण चढवी आणि पाणी चांगले आटेपर्यंत खाली उतरवत नसे. त्याच पाण्यात उकड्या तांदळांची पेज शिजे. अंगात कणकण वाटली की पेज आणखी पातळ, म्हणजे पाणी आणखी जास्त. पाण्यात नेमके काय सापडले, ते लेखी कळवावे, असे अर्ज मी त्या वेळी लिहीत होतो. ती हसायची. म्हणायची, “अहो, जंतूंना तुमचा अर्ज वाचता येत नाही. त्यांना आग कळते.”

मग काही वर्षांत तिच्या तळहातांवर बारीक, कठीण गाठी उठल्या. आडोळीवर नारळ खवून खवून घट्टे पडले असतील, असे तिच्या धारगळच्या बहिणीने ठरवले आणि आम्हीही ते मानले. पाठीवर काळे-पांढरे ठिपके आले, जणू धुळीवर पाण्याचे थेंब पडून सुकले असावेत. माझ्याही पाठीवर ते आहेत. पण हे विष एकाच घरात सगळ्यांशी सारखे वागत नाही.

मोठ्या इस्पितळातल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी तिचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि विचारले, “मावशी, पाणी कुठलं पिता?”

“उकळलेलं,” ती अभिमानाने म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवले. पाण्यात आर्सेनिक असावे, असे त्यांनी सांगितले. जुने वैद्य ज्याला सोमल म्हणत, त्यातले विष तेच. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. तो जंतू नव्हे, त्यामुळे आगीने मरत नाही. पाणी वाफ होऊन जाते, विष भांड्यातच राहते आणि उरलेल्या पाण्यात अधिक दाट होते. ते केसांत, नखांत साठते, कातडी बिघडवते आणि वर्षानुवर्षांनी आत कुठेतरी कर्करोग उभा करते. तिच्या मूत्राशयात तो उभा राहिलाच होता.

परतीच्या बसमध्ये ती तळहात मांडीवर उघडे टाकून बसली होती. म्हणाली, “म्हणजे मी आटवून आटवून वाढलं तुम्हाला?”

पुढच्या चतुर्थीला ती नव्हती. भाण मी परसात पालथे घालून ठेवले आहे. तरी पहाटे त्यावरचे झाकण थडथडल्याचे ऐकू येते आणि मी उठून चुलीपर्यंत जातो. चूल थंड असते.

पंपाला पुढे गाळणयंत्र बसले, फीत कापली गेली. त्यात लोखंडाचा थर चढवलेली वाळू असते. आर्सेनिक तिला चिकटते आणि पाणी सुटते. मात्र वाळू भरली की ती बदलावी लागते, आणि काढलेली वाळूही विषारीच, ती कुठेही टाकून चालत नाही. ती कोणीही बदललेली नाही. ज्या तालुक्यात खनिजाची लाल धूळ प्रत्येकाच्या कौलांवर बसली, तिथे एका पंपापुरते लोखंड कोणाला जुळवता आले नाही. फलक गंजून पडला.

परवा त्याच पंपावर बेळगावकडची एक मुलगी कळशी भरत होती. नवरा बांधकामावर, कडेवर तान्हे मूल. मी तिला अडवले, तर ती मलाच धीर देऊ लागली. “आजोबा, बाळाला कच्चं पाणी मी देतच नाही बघा. दोन डाव उकळून देतो. ते पाणी तपासणारे साहेब मागच्या महिन्यात सांगून गेलेत की.”

मी तिला सर्व समजावले. पत्नी गेल्यावर खणलेल्या आणि पाणी तपासून घेतलेल्या माझ्या विहिरीवरून पाणी ने, असे सांगितले. तिने मान हलवली. पण साहेबांच्या शब्दापुढे एका म्हाताऱ्याचा शब्द किती टिकणार? काल तिच्या खोलीसमोर पातेले उकळत होते.

म्हणून, साहेब, आता अर्ज नाही. येत्या ग्रामसभेत, त्या मुलीच्या समोर, उभे राहून उत्तर द्या: “उकळून प्या” असे सांगताना पाण्यात काय आहे, हे आपल्याला माहीत होते की नव्हते? होय किंवा नाही. आणि उत्तर कोणतेही असो, खाली बसण्यापूर्वी तिला आपल्याच तोंडाने सांगा की ते पातेले चुलीवरून उतरव.