चौथ्या ग्लासातलं सरबत

नैवेद्याचा स्वयंपाक चाखायचा नाही, हे मला लहानपणापासून शिकवलेलं. देवाच्या आधी आपली जीभ नाही. मग आमटीत मीठ पडलंय की नाही हे कसं कळायचं? वासाने. हसू नका, कळतं. उकळत्या आमटीवर वाकलं की आळणी वाफ वेगळी आणि मीठ पडलेली वाफ वेगळी. सासरी उज्जैनला आले तेव्हा सासूबाईंनी पहिल्याच गणपतीत माझी परीक्षा घेतली आणि मी पास झाले. त्या घरात माझं जे कौतुक झालं ते तेवढंच.

माझे यजमान फ्रीगंजच्या एका बँकेत ऑफिसर. नव्वदीनंतर सगळं बदलायला लागलं, तसे त्यांचे ग्राहकही बदलले. आधी दिवाळीला मिठाईचा डबा यायचा, आता देवासच्या एका कारखानदाराने लाल वाईनच्या दोन बाटल्या पाठवल्या. आमच्या घरात दारूचं नावही निघत नसे. काळभैरवाला ती नैवेद्यात चढते हे सगळ्या गावाला माहीत, पण ती देवाची गोष्ट. बाटल्या कपाटात रजयांच्या मागे गेल्या.

रविवारी दुपारी सासूबाई भजनाला गेल्या की आमचा कार्यक्रम. बँकेच्या नव्या साहेबांना वाईनची फार हौस, म्हणून आपल्यालाही त्यातल्या चार गोष्टी कळायला हव्यात, असं यजमानांचं म्हणणं. त्यांनी कुठल्याशा मासिकातलं कात्रण आणलं होतं. आधी रंग बघायचा, मग ग्लास हळूच फिरवायचा, मग वास, आणि घोट लगेच गिळायचा नाही. पहिल्या दिवशी मला ते खोकल्याच्या औषधासारखं लागलं. पण वास! मी ग्लासात नाक घातलं आणि बाहेरच काढेना. जांभूळ होतं, अगदी पिकून फुटलेलं. त्याच्यामागे तव्यावर भाजलेली लवंग. आणि एकदम खाली, नव्या माठात पहिल्यांदा पाणी भरल्यावर येतो तो वास.

मी एकेक सांगत गेले आणि ते बँकेच्या डायरीत लिहीत गेले. "हो, हो, मलाही येतोय," म्हणायचे. दुसरी बाटली निराळी निघाली. तिच्यात कच्चा पेरू होता आणि आवळासुपारीचा तुरटपणा, जो गिळल्यावरही गालाच्या आतल्या बाजूला बसून राहायचा. एक घोट मी दहा मिनिटं पुरवायला शिकले. लग्नाला अकरा वर्षं झाली होती, आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून, मुलांच्या फीखेरीज कशाबद्दल तरी बोलतोय, हे पहिल्यांदा घडत होतं. त्या रविवारांची मी आठवडाभर वाट बघायची. यात लाजण्यासारखं काही नाही.

दोन्ही बाटल्या संपल्यावर त्यांनी तशाच दोन खटपट करून इंदूरहून मागवल्या. साहेबांना जोडीने जेवायला बोलवायचं ठरलं होतं. "त्या दिवशी तूपण बसशील आमच्याबरोबर," ते म्हणाले. "मॅडमसुद्धा घेतात." सासूबाई त्या आठवड्यात नणंदेकडे देवासला होत्या, म्हणजे भीतीचंही कारण नव्हतं. मी माधव नगरच्या दुकानातून उंच दांडीचे चार ग्लास आणले आणि गरम पाण्याने धुऊन, मऊ पंच्याने पुसून ट्रेमध्ये मांडले.

साहेब आणि मॅडम आले. मी साबुदाणा वडे तळून बाहेर आणले तेव्हा तीन ग्लासांत वाईन होती. चौथ्यात गुलाबाचं सरबत. माझ्या हाताने पुसलेल्या ग्लासात, त्यांच्या हाताने ओतलेलं. रंग जवळजवळ तोच, म्हणून क्षणभर मी फसलेसुद्धा. नाकाशी नेल्यावर कळलं.

मॅडमनी विचारलं, "आप नहीं लेतीं?"

मी तोंड उघडायच्या आत यजमान हसले. "अरे नहीं मॅडम, हमारे यहाँ लेडीज़ इसको हाथ भी नहीं लगातीं."

मॅडमचा ग्लास हातातच राहिला. त्यांना लाज वाटली असावी, आणि मला त्यांच्यासाठीही वाईट वाटलं. यजमानांना दोघींचंही काही नव्हतं. त्यांनी ग्लास फिरवला, डोळे मिटून वास घेतला आणि सांगायला लागले. पिकलेलं जांभूळ. भाजलेली लवंग. नवा माठ. माझा शब्द न् शब्द, हिंदीत. साहेब खूश होऊन म्हणाले, "नाक तो आपकी बड़ी तेज़ है."

आणि ती बाटली जांभळाची नव्हतीच. मी वड्यांची प्लेट ठेवायला वाकले तेव्हा कच्च्या पेरूचा वास सरळ माझ्या नाकात आला. ग्लास नाकाखाली धरून हा माणूस पेरूला जांभूळ म्हणत होता. म्हणजे त्यांना कधीच काही येत नव्हतं. "मलाही येतोय" हे सगळं खोटं होतं. ते माझ्यासमोर बसून डिक्टेशन घेत होते. सरबताचं मी कदाचित विसरले असते, हे मात्र आतपर्यंत लागलं. इतके रविवार मी एकटीच होते आणि मला त्याचा पत्ताही नव्हता.

दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी मी विचारलं तर म्हणाले, "अगं, साहेबांसमोर कसं दिसलं असतं? खामखा बात निघाली असती. तुझ्याच इज्जतीसाठी म्हणालो मी." वासाबद्दल विचारलं तेव्हा पेपर उघडला.

पुढच्या रविवारी सासूबाई भजनाला गेल्या आणि यजमानांनी नवीन बाटली काढली. साहेबांनी स्वतः दिलेली, परदेशी. पुढच्या महिन्यात इंदूरला मोठी पार्टी होती, तिथे बोलायला काहीतरी हवं होतं. त्यांनी माझ्यापुढे ग्लास ठेवला आणि डायरी उघडून पेन्सिल धरली.

मी ग्लास फिरवला आणि वास घेतला. इतकं भरलेलं मी कधी काही हुंगलं नव्हतं. सुकलेले अंजीर, जुन्या पेटीतलं चंदन, दूध आटताना कढईच्या कडेला धरते ती साय, आणि त्यांच्यामागून अजून काहीतरी हळूहळू पुढे येत होतं.

"सांग ना," ते म्हणाले.

"काहीच वास येत नाहीये."

"थोडा तरी?"

"नाही. सर्दी झालीय बहुतेक."

त्यांनी स्वतः नाक घालून बघितलं, खांदे उडवले आणि डायरी मिटली. मी ग्लास खाली ठेवला नाही. शेवटपर्यंत हुंगत राहिले, मग प्यायले. पेरूच्या फोडीसारखी वाटून खावी अशी ती गोष्ट होती. पण समोर कोणी नव्हतं, नुसते यजमान होते.