मान खाली घालून चढलेला घाट

मुंबईतल्या लेकीच्या घरून निघताना मी कुणाचाच चेहरा पाहिला नाही. लेकीच्या चपला, जावयाचे मोजे आणि लिफ्टमध्ये कुणाच्या तरी हातातली दुधाची पिशवी, एवढ्यांचाच निरोप घेतला. माझ्या उजव्या डोळ्याचा पडदा सुटला होता. तो शस्त्रक्रियेने चिकटवला आणि दाबून धरायला आत वायूचा एक बुडबुडा सोडला. तो जागेवर राहावा म्हणून मान सतत खाली. डॉक्टरांनी तीन गोष्टी बजावल्या होत्या. मान वर करायची नाही, डोळ्याला पाणी लागू द्यायचं नाही आणि विमानात बसायचं नाही.

आमचे हे, म्हणजे माझे यजमान, जन्मभर कोर्टात नोकरी केलेले. हुकमात जे आहे ते तंतोतंत पाळायचं आणि जे नाही त्याची चिंता करायची नाही, हा त्यांचा बाणा. शिवाय बोलणं मोजून मापून. "विमान नाही ना? मग गाडीने जाऊ," एवढंच म्हणाले आणि बॅगा उचलल्या. मलाही ते अगदी पटलं.

आम्ही आठ महिने दापोलीजवळच्या गावात राहतो आणि पावसाळ्यात शनिवार पेठेतल्या दोन खोल्यांत. कोकणच्या पावसात माझा दमा उसळतो, म्हणून दरवर्षी पावसाळ्याची बेगमी, म्हणजे आगोट, बांधून घ्यायची, घराला कुलूप घालायचं आणि पुणं गाठायचं. यंदा मधेच हे डोळ्याचं दुखणं उपटलं. तरी पुण्याचं घर चुकवायचं नाही असा माझाच हट्ट होता. लेकीकडे सातव्या मजल्यावर पालथं पडून राहण्यापेक्षा आपल्या खाटेवर पडलेलं बरं, असं वाटत होतं.

खोपोलीपर्यंत प्रवास सुखाचा झाला. मांडीवर उशी, उशीवर कपाळ. दिसत होता तो फक्त गाडीच्या तळाचा पायपुसण्यासारखा तुकडा आणि त्यावर सांडलेला चिवडा. घाट सुरू झाला तसे कानात दडे बसले. मग डोळ्याच्या मागे दुखू लागलं. आधी ठणका, मग आतून कुणी अंगठा दाबून धरल्यासारखं.

"अहो, डोळा फार दुखतोय."

"घाट आहे. आवळासुपारी चघळ."

चघळली. मळमळायला लागलं म्हणून डावा डोळा घट्ट मिटून घेतला. उजव्याला प्लास्टिकच्या झाकणातून नुसता पांढुरका उजेड दिसायचा. बोगदा आला, उजेड गेला. मी वाट बघत राहिले. उजेड काही येईना.

"अहो, हा बोगदा केवढा लांब आहे!"

"कुठला बोगदा? तो केव्हाच संपला."

डावा डोळा उघडला तर गाडीत लख्ख ऊन होतं, सांडलेला चिवडासुद्धा दिसत होता. डावा मिटला की मिट्ट काळोख. मी ओरडले, "मला दिसत नाही! उजव्याने काहीच दिसत नाही!" ह्यांनी गाडी बाजूला घेतली. मुंबईच्या डॉक्टरांना फोन लावला, तर ते शस्त्रक्रियेत अडकलेले. मग पुण्यातल्या आमच्या शेजारीण सुमनताईंना लावला. कसबा पेठेतल्या एक डोळ्यांच्या डॉक्टरीणबाई त्यांच्या ओळखीच्या होत्या. "घेऊन या, मी खाली उभी राहते," त्या म्हणाल्या. लोणावळ्यापासून पुण्यापर्यंत मी पिशवीत ओकत होते.

शनिवार पेठेत गाडीचं दार उघडलं आणि सुमनताईंच्या निळ्या स्लिपर दिसल्या. एका हातात भाकरीचा तुकडा, दुसऱ्यात पाण्याचा तांब्या. दवाखान्यातून आलेल्या माणसावरून भाकरतुकडा ओवाळून टाकायचा आणि त्याच्या डोळ्यांना पाणी लावायचं, ही आपल्याकडची रीत.

"ताई, आधी डॉक्टर," मी कण्हत म्हटलं.

"अहो, अर्धं मिनिट. दृष्ट काढल्याशिवाय का न्यायचं माणूस?" तुकडा ओवाळून झाला. ओली बोटं माझ्या डोळ्यांकडे आली, तोच हे जवळजवळ किंचाळले.

"पाणी नाही! डॉक्टरांची सक्त मनाई आहे!"

सुमनताई दचकल्या. ह्यांनी माझ्या डोळ्यावर स्वतःचा तळवा आडवा धरला होता.

कसब्याच्या गल्ल्यांत गाडी नेण्यात अर्थ नव्हता. रिक्षा केली. माझं डोकं गुडघ्यांत बघून रिक्षावाल्याने विचारलं, "काकू, काही पडलंय का खाली?"

"पडलं होतं, ते चिकटवलंय," मी म्हटलं. दुखण्यातसुद्धा पुण्यात उत्तर चुकवून चालत नाही.

डॉक्टरीणबाई आमच्या लेकीच्या वयाच्या. डोळ्यावर यंत्र टेकवलं आणि त्यांचा श्वास थांबलेला मला ऐकू आला.

"ऑपरेशन कुठे झालं?"

"मुंबईला," हे म्हणाले.

"आणि आलात कसे?"

"गाडीने. विमानाला मनाई होती."

"घाट चढून?"

"हो."

"अहो, आत वायू आहे. वर चढलं की हवा विरळ होते आणि बुडबुडा फुगतो, म्हणून विमान नको म्हणतात. तुम्ही तिकीट कशाचं काढलंत, ते डोळ्याला काय कळणार?"

माझ्या खाली घातलेल्या नजरेसमोर ह्यांचे बूट होते. ते एक पाऊल मागे सरले आणि भिंतीला टेकले. मला वाटत होतं, ह्यांनी मला रागवावं, मी ह्यांना रागवावं, कुणीतरी डॉक्टरांशी भांडावं. तीनही हुकूम आम्ही पाळले होते आणि पाळता पाळता डोळा घालवला होता. मला हे खरंच वाटेना.

थेंब झाले, गोळी झाली. शेवटी बारीक सुईने थोडा वायू काढला. दुखणं उतरलं आणि काळोखात दुधाचा थेंब पडावा तसा उजेड आला. मी रडले. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रडा, पण मान खालीच ठेवून."

पुढचं पुणं मी जमिनीच्या पातळीवरूनच पाहिलं. सुमनताईंची मुगाची खिचडी आणि कढी, पालथं पडून चमच्याने. खिडकीखालून जाणाऱ्या भाजीवाल्याचा नुसता आवाज. मग बुडबुडा लहान होऊ लागला आणि मान वर करायची मोकळीक मिळाली. उजव्या डोळ्याच्या नजरेत एक आडवी रेघ आली. रेघेच्या वर स्वच्छ, खाली गढूळ. रोज रेघ थोडी उतरायची. आधी पंखा दिसला, मग कॅलेंडर, मग ह्यांचं टक्कल. "टक्कल वाढलं हो फार," मी म्हटलं, तर नुसते हसले.

शेवटच्या तपासणीला हे खाली रिक्षा थांबवायला गेले होते. डॉक्टरीणबाईंनी मला एकटीलाच सांगितलं. दाबामुळे डोळ्याची नस थोडी दुखावली आहे, उजवीकडच्या कडेचं दिसणं गेलं, ते परत येणार नाही. बाकी उत्तम. मी जिना उतरून ह्यांना म्हटलं, "बाकी उत्तम म्हणाल्या." खोटं नव्हतं. घरात वावरताना मला काही कमी पडल्यासारखं वाटतही नव्हतं.

दसरा झाल्यावर, बुडबुडा पुरता विरल्याची खात्री करून, आम्ही ताम्हिणी घाटाने परत निघालो. यंदाच्या प्रवासात पहिल्यांदाच मान ताठ. उतारावर सोनकी पिवळीधमक फुलली होती, झऱ्यांना अजून पाणी होतं. जे दिसेल ते आधाशासारखं बघत होते. एका वळणावर नजर समोर रस्त्यावर स्थिर केली. माझ्या शेजारी कुणीच नव्हतं. गाडी वळत होती, गिअर पडत होता, पण चालवणारं माणूसच नव्हतं.

मी गर्रकन मान वळवली. होते. तिथेच होते. पुन्हा समोर बघितलं. गेले. चाळीस वर्षं हा माणूस गाडीत माझ्या नजरेच्या उजव्या कडेला असायचा. न बघताही दिसायचा. नेमकी तेवढीच कड गेली होती.

"आज सारखी माझ्याकडे का बघते आहेस?" ह्यांनी विचारलं.

काही नाही म्हणणार होते, पण जीभ रेटेना. "समोर बघितलं की तुम्ही दिसत नाही," मी म्हटलं. "ती बाजू गेली. येणार नाही म्हणाल्या."

गाडी हळू झाली. थांबली नाही. दोन वळणं गेली. मला ह्यांचा चेहरा बघायचा धीर होईना.

"मग मी बोलत राहतो," हे म्हणाले.

आणि हा मोजून मापून बोलणारा माणूस विहिरीच्या पंपाबद्दल, पोफळींच्या रोगाबद्दल, शेजाऱ्याने सरकवलेल्या कुंपणाबद्दल, जे सुचेल ते बोलू लागला. माणगाव येईपर्यंत बोलला.