बाळ कुणावर गेलं

भाऊ फेब्रुवारीत गेला तेव्हा वहिनीला तिसरा महिना होता. ऑगस्टमध्ये कोडोलीला, तिच्या माहेरी, मुलगा झाला. वहिनीच्या आईचा फोन आला तेव्हा आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, बाळंतीण कशी आहे हे विचारलं नाही, बाळाचं वजन विचारलं नाही. "कुणासारखा दिसतोय?" एवढंच विचारलं, आणि उत्तर न ऐकताच फोन माझ्या हातात दिला.

भाऊ गेल्यापासून आप्पा वहिनीशी जेवणापुरतं बोलत. सातव्या महिन्यात ती माहेरी गेली, पण आमच्या राजारामपुरीच्या घरी परत येणार की तिथंच राहणार, हे कुणी बोललं नव्हतं. तिच्या आईनं एकदा विषय काढला तर आप्पा म्हणाले, "बाळ बघू आधी." त्यांना नातवाच्या चेहऱ्यात मुलगा परत हवा होता. तो नाही दिसला तर ते काय करतील, हे त्यांनाही माहीत नसावं. मला आईही नाही, की जी त्यांना दोन शब्द सुनावेल.

मी कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. त्यात चेहऱ्यांवर एक भाग आहे. देखण्या माणसाला आपण न विचारताच हुशार आणि प्रामाणिकही ठरवून टाकतो. तान्ह्या बाळाचं मोठं कपाळ आणि मोठे डोळे दिसले की आपले हात पुढे होतात, कारण ज्या आदिमानवांचे हात पुढे झाले नसतील त्यांची पोरं फारशी जगली नसतील. आणि बाळ जन्मलं की आईकडची माणसं हमखास म्हणतात, बापावर गेलंय. आई कोण याची कुणालाच शंका नसते. बापाकडच्यांना मात्र पोर आपलं वाटावं लागतं, तरच ते त्याला सांभाळतात. वर्गात एवढं सांगितलं की मुली हसतात, आपापल्या घरच्या मावश्या आठवतात. मीही हसायची.

भाऊ देखणा होता. लहानपणी दुकानदार त्याच्या हातावर गोळी ठेवायचा आणि माझ्या हातात पिशवी. पाहुणे त्याला मांडीवर घेत, मग माझ्याकडे वळून म्हणत, "ही पण अभ्यासात बरी आहे म्हणे." तो गेल्यावर त्याचं कपाट आवरताना मला स्टुडिओत काढलेला एक जुना फोटो मिळाला. पालथं टाकलेलं तान्हं बाळ, मान वर उचललेली, गालावर काजळाचा ठिपका. बारशाला जाताना तो मी पर्समध्ये टाकला. काय शोधायचं हे माणसाला आधी दाखवलं की त्याला तेच दिसतं, हेही मी शिकवते. आप्पांना तो फोटो दाखवायचा आणि लगेच बाळ त्यांच्या हातात द्यायचं, असं मी ठरवलं होतं.

भावाला जाऊन वर्ष झालं नव्हतं, म्हणून बारसं घरच्या घरीच होतं. गाडी मी चालवत होते. वाठारवरून आत वळलो तेव्हा आप्पा पहिल्यांदा बोलले.

"नाक कुणाचं म्हणाली तिची आई?"

"आप्पा, फोनवर नाक कसं कळणार?"

दोन्ही बाजूंनी ऊस इतका वाढला होता की पुढचं वळण दिसत नव्हतं.

वहिनी कॉटवर बसली होती, कानाला रुमाल बांधून. आम्ही चपला काढतोय तोवर तिची आई म्हणाली, "बापावर गेलंय बघा पोरगं."

"डिट्टो बाप," वहिनीची चुलती म्हणाली. "भुवई बघा की पावणं. कोडोलीत असली भुवई हाय का कुणाची?"

आप्पा बाळाकडे बघत होते. वहिनी आप्पांकडे बघत होती आणि मी दोघांकडे आळीपाळीनं. बाळ कुणाकडेच बघत नव्हतं. लाल, सुजलेला, घडी न मोडलेला चेहरा. मी भुवई बघितली, कान बघितले, हनुवटी बघितली. मला काहीच दिसलं नाही. आप्पांचा चेहराही हलला नाही. ते एक पाऊल मागं सरकले, तसं घाईघाईनं मी पर्स उघडली.

"हा त्याचा फोटो. तान्हा असतानाचा."

फोटो हातोहात फिरला.

"आई गं, काय देखणं पोर."

"त्योच की ह्यो. कान बघ, त्येच कान."

"कपाळ तरी बघा. राजबिंडं हुतं बाई पहिल्यापास्नं."

वहिनीनं फोटो घेतला, बाळाच्या गालाशी धरला आणि तिचे डोळे भरून आले. मग तो आप्पांकडे गेला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून तो डोळ्यांजवळ नेला. बराच वेळ बघितला.

"हा त्याचा नाही," ते म्हणाले. "त्याला स्टुडिओत नेलं तर रडून रडून गोंधळ घातला होता. फोटो काढताच आला नाही. हा हिचा आहे." आणि त्यांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

चुलतीनं फोटो परत घेतला, एकदा त्याच्याकडे आणि एकदा माझ्याकडे बघितलं.

"व्हय? ताई, तुमी लई देखण्या हुतासा की लहानपणी. मग फुडं काय झालं म्हणायचं?"

कोपऱ्यातून कुणीतरी फिसकन हसलं. एरवी मीही हसले असते. पण बाळाला आमच्या घराचं दार उघडावं म्हणून मी फोटो आणला होता, आणि त्या फोटोनं एवढंच सिद्ध केलं होतं की इथं कुणालाच काही दिसत नव्हतं. भुवई, कान, कपाळ, सगळं बोलण्यातलं. आता आप्पा मागं वळतील, चपला घालतील, आणि हे पोर कायमचं कोडोलीचं होईल, असं मला स्वच्छ दिसायला लागलं.

वहिनीनं दुपटं बाळाच्या तोंडापर्यंत ओढलं होतं. ती खाली मान घालूनच बोलली.

"आप्पा, बापावर गेलाय म्हणा, असं आईला मीच सांगितलं होतं. मी रोज बघते. मला तो कुणासारखाच दिसत नाही."

तिच्या आईनं तोंडाला पदर लावला. आप्पांनी चष्मा नाकावर घेतला, पुसायचं सोडून नुसताच सारखा केला, आणि कॉटच्या कडेला बसले.

"मलाही नाही दिसत," ते म्हणाले.

थोड्या वेळानं त्यांनी हात पुढं केले. बाळ त्यांना नीट धरता येत नव्हतं, एक कोपर उगाच वर राहिला होता. बाळ रडायला लागलं. आम्ही तिघी एकदम पुढं झालो, पण त्यांनी ते कुणाला दिलं नाही.

"रात्री झोपू देतो का तुला?" त्यांनी वहिनीला विचारलं.

"नाही. पहाटे कुठं डोळा लागतो माझा."

"तिसऱ्या महिन्यात न्यायला येतो," ते तिच्या आईला म्हणाले.

आता तो आमच्याकडेच आहे. पालथा पडतो, मान वर उचलतो. आप्पा त्याच्यात काही शोधत नाहीत. मी शोधते. कॉलेजातून आले की त्याच्याजवळ बसते, कधी ओठांच्या कडेला काहीतरी सापडल्यासारखं वाटतं, आणि लगेच वाटतं, मला हवं आहे म्हणून दिसतंय. त्याहून मोठी भीती दुसरी आहे. हल्ली डोळे मिटून भावाला आठवायला गेले की आधी ह्याचं कपाळ येतं, आणि भावाचं नक्की कसं होतं ते चटकन सांगता येत नाही. वहिनीचंही तसंच होतं का, हे विचारायचा धीर होत नाही.

परवा अशीच टक लावून बसले होते. आप्पा बाहेरून आले, क्षणभर उभे राहिले.

"पुरे आता," ते म्हणाले, "दृष्ट लावशील." आणि त्याला उचलून रस्त्यावरच्या रिक्षा दाखवायला गॅलरीत घेऊन गेले.