पुस्तक फाडू

चहा घ्या आधी. आणि हसणार असाल तर आत्ताच पोटभर हसून घ्या, कारण ही गोष्ट सांगताना मला कुणी मधे थांबवलेलं चालत नाही.

बातमीदाराच्या हातून चुका होतात. कुणाच्या होत नाहीत? नावं चुकतात, गावं चुकतात. मी तर एकदा एका धडधाकट माणसाला श्रद्धांजली वाहिली होती. तो दुसऱ्या दिवशी स्वतः पेपर घेऊन आला आणि म्हणाला, "छान लिहिलंय, फक्त जरा लवकर लिहिलंय." पण त्या प्रकरणात निदान पोलीस नव्हते. यात होते. आणि मीच आणले होते!

दोन हजार सहा-सातचा सुमार असेल. मी अंबरनाथला राहायचो, आणि उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंतच्या बातम्या एका मराठी दैनिकाला पाठवायचो. उमेदीची सगळी वर्षं मी एकाच विषयावर भांडलो: पाणी. एका साहेबाच्या टेबलावर रिकामा हंडा नेऊन ठेवणारा मीच. त्या सगळ्या भांडणांचं सार काढून मी एक पुस्तक लिहिलं, 'फुटकी पाईपलाईन'. स्वखर्चानं छापलं. मित्रांनी सत्कार केला, शाल दिली, नारळ दिला. पुस्तक मात्र कुणी घेतलं नाही. नारळाची चटणी झाली, शाल थंडीत कामाला आली, आणि गठ्ठे होते तिथेच राहिले.

आमची मंगल म्हणायची, "अहो, लोकांना पाणी मिळत नाही म्हणून तुम्ही पुस्तक दिलंत. ते काय पितील?"

आता सांगा, अशा बायकोबरोबर माणूस क्रांती कशी करणार?

पण मला खरा राग होता तो तरुणांचा. वाचत नाहीत, लिहीत नाहीत, दिवसभर त्या सायबर कॅफेत बसून एकमेकांना 'स्क्रॅप' नावाचे निरोप पाठवतात. भंगाराला आपण स्क्रॅप म्हणतो ना? तेच! निदान नाव तरी प्रामाणिक ठेवलं होतं.

मीही कॅफेत जायचो, पण कामाला. उल्हासनगरात लछूभाई नावाच्या सिंधी गृहस्थांचा कॅफे होता. तिथून मी बातम्या पाठवायचो. एक दिवस लछूभाईंनी मला पाहताच गल्ल्यावरून हाक मारली.

"साईं! इधर आओ! आपका किताब इंटरनेट पे आ गया!"

धावत गेलो. पाहतो तर पोरापोरींनी अंबरनाथ-बदलापूरच्या वाचकांची एक 'कम्युनिटी' काढलेली. तिथे कुणीतरी माझ्या पुस्तकाच्या मुखपृष्ठाचा फोटो टाकला होता. टाकणाऱ्यानं आपलं नाव काय घेतलं होतं? वाळवी!

मी म्हटलं, पुस्तकांच्या कट्ट्यावर वाळवी? लक्षण काही बरं नाही.

वर या वाळवीची मतं वाचली. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत. मी तुमच्यासाठी सरळ करून सांगतो. "प्रस्तावना कोण वाचतं? ती लेखकाच्या ओळखीच्यांनी एकमेकांना घातलेली झप्पी असते." पुढे, "तरुण वाचत नाहीत म्हणून रडणाऱ्या काकांनी स्वतः शेवटचं पुस्तक कधी वाचलं, ते कोणी विचारत नाही." आणि समाजाबद्दल तर एका ओळीत निकाल: "आपल्याकडे जाती दोनच. नळाला पाणी येणारे आणि न येणारे. बाकी सगळं लग्नाच्या वेळी आठवतं."

माझा संताप झाला! जे सांगायला मला दीडशे पानं लागली, ते या वाळवीनं दोन वाक्यांत कुरतडून टाकलं होतं.

आणि फोटोखाली ती ओळ होती. ही मात्र मी जशीच्या तशी दाखवतो, कारण सगळा घोळ तिथेच आहे:

Pustak faadu. Ravivari sakali Shivmandir la bhetu. Lekhakala pan zodu.

वाचलंत? मीही वाचलं. पुस्तक फाडू. रविवारी सकाळी शिवमंदिरला भेटू. लेखकाला पण झोडू.

फाडू, भेटू, झोडू. तिन्ही वाक्यांचं व्याकरण एकच! मी बी.ए. मराठी आहे, व्याकरणात मला कोण चकवणार?

"लछूभाई, हे माझं पुस्तक फाडणार आहेत. आणि मला मारणार आहेत."

लछूभाईंनी चष्मा वर-खाली करून ओळ पाहिली. "फाडू माने फाडना ही ना साईं? साडी फाडना, कपडा फाडना?"

"तेच!"

"अरे बाबा रे," ते म्हणाले आणि सवयीनं टेबलाखालची दुकानाची किल्ली खिशात घातली.

म्हणजे बघा, दोन अनुभवी, समंजस, पन्नाशीतल्या माणसांनी मिळून खात्री केली. याहून मोठा पुरावा कोणता?

मी तिथल्या तिथे उत्तर सांगायला सुरुवात केली. आमच्या पिढीनं लाठ्या खाल्ल्या, शब्दाला शब्दानं उत्तर द्या, मी रविवारी छाती पुढे करून येतोय, असं चांगलं पाऊण पान. लछूभाई एकेक अक्षर शोधून टाईप करत होते. थोड्या वेळानं मान वर करून म्हणाले, "बस साईं, लाईट जाने का टाईम हो गया. भेज दिया."

"काय पाठवलंत?"

"Lekhak swataha yenar."

एवढंच! माझी लाठी गेली, छाती गेली, उरलं काय, तर लेखक स्वतः येणार. आणि लाईट जायच्या आधी उत्तरही आलं: "Kharach??? Mag tar ekdum faadu!!!" पुढे दोन टिंबं आणि एक कंस.

"हे काय चिन्ह आहे?"

"ये हँसता है साईं."

हसतोय! फाडायच्या कल्पनेनं वाळवी हसतेय!

मी घरी न जाता थेट बातमी लिहिली. दुसऱ्या दिवशी आमच्या पेपरात चौकट: 'पुस्तक फाडण्याचा कट, इंटरनेटवर समाजकंटकांचा उच्छाद'. लेखक म्हणून मीच, बातमीदार म्हणूनही मीच, आणि 'परिसरात संतापाची लाट' असं लिहिलं होतं, ती लाटही मीच. सकाळी गावातल्या वाचनालयाच्या अध्यक्षांचा फोन आला. मला वाटलं, निषेध करणार. ते म्हणाले, "अहो, तुमचं पुस्तक आलंय? बोलला नाहीत कधी!"

मंगलनं चौकट वाचली, घडी घातली आणि विचारलं, "फाडायचं तर आधी विकत घ्यायला हवं. घेतलंय कुणी?"

मी चौकट कापून फाईलला लावली.

पण मला खरंच झोप लागेना. तुम्ही हसताय, पण विचार करा. माणूस आयुष्यभर भांडतो, त्याचं एक पुस्तक होतं, आणि त्याला भेटणारे पहिलेच वाचक ते फाडायला भेटतात. न वाचता पडून राहिलेलं पुस्तक परवडलं हो, वाचून फाडलेलं सहन होत नाही.

पोलीस ठाण्यात ओळख होती. साहेबांनी रविवारपुरते गायकर हवालदार माझ्याबरोबर दिले. गायकर इथल्याच गावचे, शांत गडी. वाटेत म्हणाले, "साहेब, पुस्तक कशावर आहे?"

"पाण्यावर."

"मग फाडनारे पानीखात्याचे असतील."

शिवमंदिराच्या मागे, वालधुनी नदीच्या कडेला झाडाखाली सहा-सात पोरंपोरी गोल करून बसलेली. मी बातमीदाराच्या नजरेनं टिपलं: एका मुलीच्या मांडीवर माझं पुस्तक. त्यात जागोजागी कागदाच्या पट्ट्या खोचलेल्या. म्हणजे कोणती पानं फाडायची, त्याच्या खुणा! आणि शेजारच्या पोराच्या हातात काय? सुरी!

"गायकर, सुरी!"

"दिसली. प्लास्टिकची हाय."

तेवढ्यात ती मुलगी उठली. विशीतली, जीन्स, खांद्याला झोळी. "काका, तुम्हीच ना? मी प्रणाली. वाळवी!" आणि पोरांकडे वळून ओरडली, "ए, लेखक आले रे! सच में आ गये!"

सगळे टाळ्या वाजवायला लागले. किती हा निर्लज्जपणा! माझा तोल गेला.

"टाळ्या वाजवा!" मी कडाडलो. "बातमी वाचलीत ना माझी?"

"कुठल्या पेपरात काका?" सुरीवाला म्हणाला.

"पेपर वाचत नाही, आणि पुस्तक फाडायला निघालात? तुम्ही काय फाडणार? तुमच्या मनगटात तेवढी धमक आहे? आण इकडे!" आणि मी प्रणालीच्या हातातून पुस्तक हिसकावलं. "ज्यानं लिहिलं, तोच फाडेल! कागद फाटतो, शब्द फाटत नाही!"

आणि टर्रकन मधोमध फाडलं.

खरं सांगतो, मला वाटलं होतं थोडं फाटेल. पण आमच्या बाइंडिंगवाल्यानं डिंकात फारच काटकसर केली होती. अख्खं पुस्तक पिसासारखं सुटलं. वारा होता. पानं उडाली. काही झाडाखाली, काही गायकरांच्या टोपीवर, आणि एक झुबका तरंगत तरंगत थेट वालधुनीत.

दोघं-तिघं पानांमागे धावले.

मग प्रणाली अगदी हळू आवाजात म्हणाली, "काका, आमच्यात एकच कॉपी होती, रद्दीच्या दुकानात मिळालेली. आळीपाळीनं वाचत होतो. आज स्वप्नीलचा नंबर होता."

स्वप्नील म्हणजे सुरीवाला. चिखलोलीहून आला होता. तो नदीकडे बघत होता. त्याचा नंबर वाहून चालला होता.

"पण... तुम्हीच लिहिलंत ना, पुस्तक फाडू?"

"हो मग! फाडू! म्हणजे भारी! एकदम कडक!" तिनं माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी नवीन नगरसेवकाकडे पाहतो. "कोणी तरी फाडू बॅटिंग केली, तर तो बॅट फाडतो का काका?"

"आणि लेखकाला झोडू?"

"झोडू कुठे? जोडू! लेखकाला पण जोडू. कम्युनिटीत ॲड करू. 'जोडा'तला 'ज' असतो ना, म्हणून 'झेड' लावला. 'जे' लावला असता तर ते 'जिलेबी'तल्या 'ज'सारखं वाचलं असतं."

बघा आता! उच्चार तिचाच बरोबर. बी.ए. मराठी कोण? मी!

"आणि ही सुरी?"

स्वप्नीलनं मागचा खोका उघडला. केक होता. वर पांढऱ्या क्रीमनं 'फुटकी पाईपलाईन' लिहिलेलं. बदलापूरच्या केकवाल्यानं 'ट'ला 'र' लावून 'फुर्टकी' केलं होतं, पण भावना पोहोचल्या.

गायकरांनी टोपीवरचं पान काढलं, व्यवस्थित दुमडलं आणि मला विचारलं, "साहेब, तक्रार तुमचीच आहे. पुस्तक फाडलं, हे मी डोळ्यानं बघितलं. साक्षीदार भरपूर हायत. फक्त आरोपी म्हणून कोनाला धरू, तेवढं सांगा."

पहिली ती हसली. वाळवी. मग स्वप्नील. मग सगळेच, गायकरांसकट. मी बराच वेळ रागाचा चेहरा धरून ठेवला होता, पण तो राग नेमका कुणावर ठेवायचा हेच कळेना, तेव्हा मीही सोडून दिला.

मग काय! कुणीतरी पूजेच्या दुकानातून चिकटपट्टी आणली. आम्ही गोल करून बसलो आणि पानं जुळवायला लागलो. केक कापला, गायकरांनी दोनदा घेतला. त्या पट्ट्या कसल्या होत्या? प्रश्नांच्या! प्रत्येकानं मला विचारायचे प्रश्न लिहून पानापानांत खोचले होते. हंडा नेला तेव्हा साहेब काय म्हणाला? घाबरला होतात का? टँकरवाल्यांनी धमकावलं का? इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. घरीसुद्धा नाही. दुपार कलली तरी मी बोलतच होतो, आणि पोरं ऐकत होती. मधेमधे भांडतही होती. प्रणाली म्हणाली, "काका, पाण्यावर तुम्ही बरोबर आहात, पण बायकांवर चुकलात. रांगेत बाया उभ्या, आणि पुस्तकात बोलतात सगळे पुरुष." मी कडाडून विरोध केला. मग पानं चाळली. मग विरोध मागे घेतला.

पण एक अख्खं प्रकरण नदीत गेलं होतं. पाणीपुरवठ्याच्या इतिहासाचं. माझ्या मते पुस्तकाचा आत्मा! मी म्हटलं, उद्याच नवी प्रत आणून देतो. तोपर्यंत स्वप्नीलनं तिथेच झाडाला टेकून चिकटवलेलं पुस्तक वाचायला घेतलं होतं, आणि बराच पुढे गेला होता.

"अरे थांब," मी म्हटलं, "मधलं प्रकरण नाहीये. तुला काही संगती लागणार नाही."

तो म्हणाला, "नाहीये? मला तर काही जाणवलं नाही."

प्रणालीनं माझ्याकडे पाहिलं. तिची चुळबुळ चालली होती. शेवटी राहवेना. "काका, रागावू नका. मी ते प्रकरण वाचलं होतं. तुमच्या हातून आज झालं ते एका अर्थी बरंच झालं. पुस्तक आता जास्त फास्ट झालंय."

ऐकून घेतलं मी? छे! म्हटलं, काल जन्मलेली पोर मला संपादन शिकवते? तिचं मत मुद्द्यासकट खोडून काढायचं, म्हणून तावातावानं घरी आलो, नवी कोरी प्रत काढली, हातात पेन्सिल घेतली आणि ते प्रकरण पहिल्या ओळीपासून वाचायला बसलो.

मंगलनं चहाला हलवून जागं केलं, तेव्हा मी त्या प्रकरणाच्या जेमतेम दुसऱ्या पानावर होतो.