जिजी तोंडाकडे बघायच्या

जिजी कुणाच्या डोळ्यांत बघून बोलत नसत. तोंडाकडे बघत. माझ्या या सासूबाईंनी गुजरातेत, उधन्याच्या एका कापड कारखान्यात बॉबिनवर सूत भरण्यात उमर काढली. मशिनच्या आवाजात कान गेले आणि ओठ वाचायची सवय राहिली. स्वतः मात्र अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायच्या. शेजारणीने हळूच सांगितलेली गोष्ट नीट कळली का, हे बघायला त्या ती मोठ्याने परत म्हणायच्या. आमच्या गल्लीत गुपित टिकत नसे.

मला बघायला आल्या तेव्हा माझ्या वडिलांनी मुलगी बी.एस्सी. असल्याचं पुन्हा पुन्हा सांगितलं. आमच्या घराण्यात कॉलेज केलेली मी पहिली. वडील विसरले असते तर मीच सांगितलं असतं. जिजी म्हणाल्या, "बरं शे. घरमा एक जण तरी औषधनं पाकीट वाची."

लग्न झालं, मग मुलगी झाली. पान्हा फुटला, माया फुटली नाही. मी तिला पाजत होते, पुसत होते, नेमून दिलेलं काम करावं तसं. बाळ झोपलं तरी मला झोप नव्हती. माझ्याशिवाय हे घर जास्त नीट चालेल, असं रोज वाटायचं आणि तो विचार मला व्यवहारी वाटायचा. शेजारणी म्हणायच्या, "पोर किती गुणाची! रडतच नाही." माझा नवरा सुनील मुळातच कमी बोलतो. तो दारात उभा राहायचा आणि कामावर निघून जायचा.

जिजींना आधी नजर लागल्यासारखं वाटलं. त्यांनी मीठ-मिरच्या ओवाळून जाळल्या. मिरच्या चांगल्या होत्या, सगळी गल्ली खोकली. मग डिंकाचे लाडू झाले. मग एका दुपारी त्या समोर बसल्या आणि आम्हा दोघींची तोंडं बघत राहिल्या.

"तुनं तोंड हालत नही," त्या म्हणाल्या. "तिनं बी हालत नही."

"बाळ शांत आहे, जिजी."

"शांत नही. तिनी हाक मारनं सोडी दिधं."

एवढं बोलून त्या दारात गेल्या आणि सुनेसाठी डॉक्टर विचारायला लागल्या. "मनी व्हऊले मनना डॉक्टर पाहिजे! कोठे बसस तो?" गल्लीतून बरेच पत्ते आले, त्यात एक भगताचा होता. मला इतकी लाज वाटली की निदान त्या गल्लीतून बाहेर पडता यावं म्हणून मी साडी बदलली.

पर्वत पाटियाच्या डॉक्टरीणबाई गुजराती होत्या, पण जिजींची अहिराणी त्यांना कळायची. त्यांनी मला सरळ विचारलं, मरायचे विचार येतात का. मी हो म्हटलं. मग त्यांनी समजावलं. गरोदरपणात इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन खूप चढतात आणि बाळंत झाल्यावर काही दिवसांत धाडकन उतरतात. काहीजणींच्या मेंदूला ती उतरण झेपत नाही. त्यात जागरणं. बाळाकडे बघून आईच्या मेंदूत जी खुशी उठायची ती उठत नाही, चेहरा कोरा राहतो, आणि कोऱ्या चेहऱ्याकडे बघून बघून बाळही प्रयत्न सोडतं. या दोन्ही हार्मोन्सवर मला पेपरात चांगले मार्क होते. शरीराने मार्कशीट मागितली नाही.

अंगावर पाजताना चालतील अशा गोळ्या मिळाल्या. थायरॉइड तपासला. दर आठवड्याला बोलायला यायचं ठरलं. आणखी दोन गोष्टी सांगितल्या. मला एकटीला सोडायचं नाही, आणि बाळाच्या तोंडासमोर तोंड नेऊन बोलायचं. दोन्हींचा ताबा जिजींनी घेतला.

"काय सांगस ती?" त्या बाळाकडे बोट करून विचारायच्या.

"काही नाही."

"मंग तू सांग तिले."

मला काही सुचेना. मी तिला बेडकाची पचनसंस्था सांगितली. रोज सांगितली. गोळ्या हळूहळू लागू पडत होत्या. एका दुपारी मी यकृतापर्यंत आले होते, तेवढ्यात तिने माझ्या तोंडाकडे बघून "आंऽ" केलं.

"काय सांगस?"

"आंऽ म्हणतेय."

"बरोबर शे," जिजी म्हणाल्या. मी रडायला लागले. हे आजारातलं रडणं का बरं होण्यातलं, असं त्यांनी विचारलं. मी रडत रडत यकृत पुरं केलं.

पुढे डॉक्टरीणबाईंनी गोळी कमी केली, त्या दिवशी सुनीलही आला होता. निघताना जिजींनी त्याच्याकडे बोट केलं. "याले बी काही गोळी शे का?" बाहेर बसलेले पेशंट दारातून वाकून बघायला लागले. "हाऊ सुनील व्हयना तवय माले बी असंच व्हयेल व्हतं. कोनी देखं नही. मी कारखान्यामा जाऊ, घर येऊ, पन याशी बोलनूच नही. म्हनीसन हाऊ असा मुका."

डॉक्टरीणबाई जिजींना गुजरातीत आई म्हणून हाक मारत म्हणाल्या, "बा, इतकं सरळ नसतं ते. आणि त्याची गोळी नाही मिळत. अजून बोलता येईल."

सुनील खाली बघत होता. त्याने जिजींची पाण्याची बाटली उचलली आणि आम्ही रिक्षात बसलो.  उधना येईपर्यंत जिजी त्याच्याशी बोलायला काहीतरी शोधत असाव्यात. घरापाशी उतरताना त्यांनी सुनीलच्या तोंडाकडे बघून विचारलं, "तू जेवना का?"

निघण्याआधी दोघं एकाच पंगतीला जेवले होते.

त्यानंतर गेल्या वर्षी जाईपर्यंत जिजींनी हे त्याला रोज विचारलं. तोही रोज त्यांच्यासमोर येऊन बसायचा, आणि त्यांना ओठ नीट दिसतील असं सावकाश सांगायचा, "जेवलो, जिजी."