बिनसाखरेची सोयरीक

तमाम जनतेस अत्यंत जड अंतःकरणाने कळविण्यात येते की, आमच्या चहातील साखर दीर्घ सहवासानंतर आम्हास सोडून गेली आहे. तिच्या जागी एका इवल्याशा पांढऱ्या गोळीची नेमणूक झाली असून तिचा शपथविधी रोज सकाळ-संध्याकाळ कपात पार पडतो.

ही गोळी राहते खिशातल्या डबीत. डबीचं डोकं दाबलं की टिक् करून खाली पडते. चंद्रपूरच्या टपरीवर मी हा प्रयोग हात उंच करून, जादूगारासारखा करतो. चहावाला दरवेळी कुरकुरतो, "भाऊ, माह्या चहाचा अपमान करून राह्यले तुमी." त्याचंही बरोबर आहे. आमच्याकडे चहात चमचा उभा राहिला तरच पाहुणचार झाला. गोळीची चव म्हणाल, तर गोडवा जरा उशिरा येतो, आणि आला की जावयासारखा मुक्काम ठोकतो.

घरी शिऱ्या-खिरीसाठी याच जातीची पावडरही असते. दिसायला हुबेहूब साखर. अहेरीला घोळ केला तो तिने.

अहेरीला माझी धाकटी बहीण राहते. तिच्या मुलीला गडचांदूरचं स्थळ आलं. मुलगा सिमेंटच्या कारखान्यात, आणि भाचीला इतका आवडलेला की ती आरशालाच 'अहो' म्हणून पाहत होती. सगळं जुळलं. भीती होती ती मुलाच्या आत्याची. पहिल्याच भेटीत त्यांनी जाहीर केलं होतं, "आमच्या घराण्यात कोणालेच शुगर नाई. शुगरवाल्यायच्या घरची पोरगी आमी करत नाई."

बहिणीने फोनवर बजावलं, "दादा, ते डबी खिशातून बाहेर निघाली तं माह्याइतकी वाईट कोणी नाई."

बायकोने बसमध्ये बजावलं, "साखरेचा एक दाणा तोंडात गेला तं घरी पायी या."

आणि नेमका विधी कोणता? सोयरीक पक्की झाली की मुलीचा मामा आणि मुलाचा बाप एकमेकांच्या तोंडात साखर घालतात. चिमूट नव्हे, मूठ. हात आखडला तर मन कोतं ठरतं.

पण मी काय कच्चा खेळाडू? घरून पावडरची पुडी नेली. बहिणीच्या स्वयंपाकघरात शिरून आमची वाटी त्या पावडरीने काठोकाठ भरली, वर शोभेला एक वेलची ठेवली आणि बैठकीत येऊन सतरंजीवर असा बसलो, जणू गड जिंकून आलोय.

वाट्या पुढे आल्या. एक त्यांची, एक आमची. "घ्या मामाजी," म्हणत मुलाच्या बापाने त्यांच्या वाटीतून मूठ उचलली, आणि माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. आपण आपल्या वाटीतलं खातच नाही! आपलं त्यांच्या तोंडात, त्यांचं आपल्या. जन्मभर लोकांच्या सोयरिकी जेवलो आणि एवढं विसरलो.

आता माघार कसली? त्यांची अस्सल साखर माझ्या तोंडात गेली. काय सांगू! कॉलेजातली मैत्रीण भर बाजारात भेटावी तसं झालं, शेजारी बायको उभी असताना. मग आमच्या वाटीतली मूठ मी त्यांच्या तोंडात रिकामी केली.

ते चावू लागले. चावता चावता थांबले. जीभ टाळूला लावून पुन्हा चाखलं. बहिणीचा चेहरा पिठासारखा पांढरा. दाराआडून भाचीच्या बांगड्या वाजत होत्या, त्याही गप्प झाल्या.

"काय झालं रे?" आत्याबाई पुढे सरकल्या. "काऊन थांबला?"

मोडली सोयरीक, मी मनात म्हटलं. आता भाचीला कोणत्या तोंडाने भेटू?

पण मुलाच्या बापाच्या चेहऱ्यावर हळूहळू, जत्रेत हरवलेला भाऊ सापडावा तसा आनंद पसरत गेला. त्यांनी माझे दोन्ही हात घट्ट धरले. आपली सख्खी बहीण, म्हणजे आत्याबाई, शेजारी बसली आहे, पाहुणे कान टवकारून आहेत, याचं त्यांना भानच राहिलं नाही.

"अजी मामाजी, हे कोणत्या कंपनीची हो? माह्यावाली तं भलतीच कडू लागते!"