रिकाम्या गाडीचं माप

समुद्रपूरजवळ कापसाचं गोदाम बांधायचं होतं. नकाशा माझा. दार किती रुंद ठेवायचं ते ठरवायला मी रस्त्याकडेचा एक मेटॅडोर टेपने मोजला आणि मोठ्या ऐटीत आकडा लिहिला. टपावर तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत बसलेला ड्रायव्हर सावकाश खाली उतरला. दोन्ही हात अंगापासून लांब फुगवून म्हणाला, "साहेब, गाडी उपाशी हाये. कापूस भरला का पोट सुटते तिचं. तवा मोजजा."

वीस वर्षं इंजिनिअर म्हणवतो मी स्वतःला! तिथेच आकडा खोडला.

बैठकीत सगळे म्हणाले, "दाराचा विचार चांगला केला, साहेब. अनुभव लागतो." मी नम्रपणे मान झुकवली. नकाशाखाली सही माझी आहे. त्याचं नाव मी विचारलंच नाही.